सासूबाईंचं मनगट, सासऱ्यांचा विसर आणि रात्रीचं ताट

साताऱ्याहून एका सूनबाईंनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: सासूबाई ७१ वर्षांच्या, वजन ४६ किलो, थायरॉइडची गोळी चालू. दोन महिन्यांपूर्वी मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मणक्याचा टी-स्कोअर उणे २.९ आला, म्हणजे हाडं ठिसूळ झालीयेत. सासरे ७६ वर्षांचे, वजन ५८ किलो, १४ वर्षं मधुमेह, मेटफॉर्मिन चालू, शिवाय पित्तासाठी पॅन्टोप्राझोल रोज सकाळी. वर्षभरात विसरणं वाढलंय, गॅस चालू राहतो, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. दोघंही माळकरी, घरात अंडंसुद्धा नाही, महिन्याच्या दोन्ही एकादश्या. त्यांचा प्रश्न आहे, "नाचणी, बदाम, डिंकाचे लाडू, ब्राह्मी, यांतलं काय आणि किती देऊ?"

ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीये: "रात्री दोघंही फारसं जेवत नाहीत, पोळी दुधात कुस्करून घेतात, तेवढ्यावर भागतं." मी पुण्यात सत्तावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यातली बरीचशी ज्येष्ठांबरोबर, आणि ही ओळ जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकलीये. काय सुरू करू, असं सगळे विचारतात. मी आधी विचारते, ताटातून काय काय गेलं? कारण ते एका दिवसात जात नाही. दाढा गेल्या तशी उसळ गेली. कवळी टोचते म्हणून भाकरी गेली. गॅस होतो म्हणून वरण पातळ झालं. रात्री जड नको म्हणून भाजी गेली. उरतं ते चहा, बिस्किट, मऊ भात आणि पोळी. पोट भरतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकायला लागल्या, किंवा ब्लाऊज दोनदा आत घ्यावा लागला की.

तुम्ही लिहिलेलं सासूबाईंचं दिवसभराचं खाणं मी कागदावर मांडून बघितलं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी एक पोळी, वाटीभर भात, अर्धी वाटी पातळ वरण, थोडी भाजी, चारला चहा, रात्री एक पोळी आणि लहान कपभर दूध. यात प्रथिनं होतात जेमतेम २३ ते २५ ग्रॅम. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे त्यांना ४६ ते ५५ ग्रॅम हवीत. निम्मीच पोचतायत. कॅल्शियम साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास, हवं १००० ते १२००. तेही निम्म्याहून कमी. अशा ताटात वरून चार बदाम टाकले तर काय होणार? प्रथिनं एक ग्रॅमने वाढतील. बदाम वाईट नाहीत, पण भोक मोठं आहे आणि ठिगळ लहान.

आता क्रमाने सांगते, आणि क्रम सासऱ्यांपासून सुरू करते, कारण त्यांच्या बाबतीत एक गोष्ट थांबवून ठेवण्यासारखी नाही.

या आठवड्यात त्यांचं बी-१२ तपासून घ्या. हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. मांस, मासे, अंडी नाहीत म्हटल्यावर फक्त दूध-दही उरतं. पेलाभर दुधात ते एक मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर असतं आणि रोजची गरज आहे २.२ मायक्रोग्रॅम. म्हणजे आवक मुळातच कमी. त्यात अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी-१२ सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं. वयाने ते कमी होतं आणि पॅन्टोप्राझोलने आणखी कमी होतं. वर मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यात बी-१२ चं शोषण घटतं. सासऱ्यांच्या बाबतीत चारही कारणं एकत्र आलीयेत. हा प्रश्न आपल्याकडे किती खोल आहे ते पुण्यातच दिसलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गीयांत तर ८१ टक्के. ती माणसं म्हातारी नव्हती, त्यांना काही तक्रारही नव्हती.

हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ चांगलं असेल असं धरू नका. रक्त ठीक असतानाही नसा आणि मेंदू यांना झळ पोचलेली असू शकते. काही वर्षांपूर्वी गणिताचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते, तेही शुद्ध शाकाहारी, तेही मेटफॉर्मिनवर. घरचे म्हणत होते, विसरतात, चिडतात. बोलता बोलता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "हल्ली तोंड धुताना एका हाताने बेसिन धरतात." मी विचारलं, का? ते म्हणाले, "डोळे मिटले की तोल जातो." पायाच्या नसांकडून मेंदूला खबर पोचत नसली की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो, डोळे मिटले की डोलतो. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नसे, गादीवरून चालल्यासारखं वाटे. बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत तोल बराच सावरला, चिडचिड गेली. विसरणं सगळं गेलं नाही, आणि ते सगळं जाईल असं मी तुम्हालाही सांगणार नाही. पण जे उशिरा कळतं ते परत मिळवणं अवघड असतं, म्हणून घाई करतेय. सासऱ्यांना विचारा, तळपायाला मुंग्या येतात का, अंधारात चालताना भिंत धरावी लागते का.

कमतरता निघाली तर इंजेक्शन की गोळी हे डॉक्टर ठरवतील. १००० ते १५०० मायक्रोग्रॅमची गोळीही चालते, कारण इतक्या मोठ्या मात्रेतला टक्काभर भाग जठराच्या मदतीशिवायही आत शिरतो. आंबवलेल्या इडलीत, आंबिलीत किंवा स्पिरुलिनात भरपूर बी-१२ असतं हे जे फिरत असतं त्यावर विसंबू नका. आणि नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नका. त्याने रक्ताचा अहवाल सुधारतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. बी-१२ बरोबर थायरॉइड, सोडियम आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची तपासणी) बघून घ्या. सगळं विसरणं बी-१२ मुळेच आहे असंही नाही. ते ठरवायला फिजिशियनकडे किंवा मेंदुविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. मेटफॉर्मिन किंवा पॅन्टोप्राझोल आपल्या मनाने बंद करू नका, मात्र "ही पित्ताची गोळी अजून लागते का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा. पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी आठ वर्षं चाललेली मी पुष्कळ घरांत पाहिलीये.

आता सासूबाई, म्हणजे हाडं. हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चुना येतो, कॅल्शियम येतं. पण हाड म्हणजे प्रथिनांच्या धाग्यांची वीण आहे आणि त्या विणीवर कॅल्शियम-फॉस्फरसचे क्षार बसलेले आहेत. वीणच विरळ झाली तर क्षार बसणार कशावर? त्याहून महत्त्वाचं, म्हातारपणी हाड मोडतं ते बहुतेक वेळा पडल्यामुळे, आणि माणूस पडतो ते मांड्या-पोटऱ्यांत जोर न राहिल्यामुळे. तो जोर प्रथिनांवर आणि हालचालीवर उभा आहे. म्हणून सासूबाईंच्या कॅल्शियमच्या आधी मी त्यांच्या प्रथिनांकडे बघते.

एक सोपी खूण सांगते, जपानमध्ये वापरतात. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडं करायचं आणि ते स्वतःच्या पोटरीच्या जाड भागाभोवती धरायचं. पोटरी कड्यात मावून वर फट राहिली तर स्नायू घटलेत असा संशय घ्यावा. सासूबाईंचं मनगट अजून दुखत असेल तर हे नंतर करा. त्याऐवजी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठून बसायला सांगा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पाय अशक्त आहेत. आकडा लिहून ठेवा, तीन महिन्यांनी उपयोगी पडेल.

शाकाहारी माणसाला, तेही भूक कमी असताना, पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं कशी द्यायची? ताट वाढवून नाही, कारण ते खाल्लं जाणार नाही. आहे तेच घट्ट करायचं. पातळ वरणाऐवजी घट्ट वरण वाढलं, एवढ्यानेच वाटीतली प्रथिनं दुप्पट होतात. खिचडीत आपण तांदूळ दोन भाग आणि मुगाची डाळ एक भाग घालतो. तुम्ही दोन्ही समसमान घ्या, पाणी जास्त घालून मऊ शिजवा, वर चमचाभर तूप. एका माणसाला ३० ग्रॅम डाळ, ३० ग्रॅम तांदूळ पडले की ९ ग्रॅम प्रथिनं झाली. शेजारी वाटीभर घट्ट दही, ५ ग्रॅम. वर चमचाभर मेतकूट. मेतकूट ही आपल्या आज्या-पणज्यांची फार हुशारीची गोष्ट आहे, भाजलेल्या डाळींचं पीठच ते. आजारी माणसाच्या आणि म्हाताऱ्याच्या मऊ भातावर ते पडायचं याला कारण होतं. हे झालं रात्रीचं जेवण, आणि ते पोळी-दुधाइतकंच मऊ आहे. साडेसातला जेवलं तर पचतं.

झोपायच्या आधी दूध घेतातच, तर त्यात दोन चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. पाच-सहा ग्रॅम प्रथिनं आणि दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम त्याच कपात वाढतं, पेल्याचा आकार तोच राहतो. ही युक्ती मी सगळ्यात जास्त वापरते. दुधाने पोट फुगत असेल तर दह्यात, कढीत, आंबिलीत घाला; दही बहुतेकांना सोसतं. डब्यातून येणारी महागडी प्रोटीन पावडर तुमच्या घरात मला आज गरजेची दिसत नाही. आधी दोन महिने डाळ-दूध नीट देऊन बघू.

सकाळी चहा-बिस्किटाच्या जागी मुगाचं धिरडं द्या. ४० ग्रॅम डाळ रात्री भिजवून, वाटून, आलं-जिरं घालून. वर थोडं पनीर किसून टाकलं तर एका न्याहरीत १५ ग्रॅम होतात. दुपारी उसळ चावत नसेल तर मटकी-कुळीथ मऊ शिजवून घोटून कटासारखं द्या, कुळथाचं पिठलं द्या. भाकरीच्या पिठात दहाला एक या प्रमाणात सोयाबीन घालून दळून आणा, पण सोयाबीन आधी भाजून घ्या, कच्चं दळू नका. भाकरी कवळीला झेपत नसेल तर वरणात कुस्करून. आणि कवळी टोचत असेल तर दंतवैद्याकडे नेऊन ती नीट करून घ्या. माझ्या अनुभवात कवळी बसवून घेतल्यावर जितकं खाणं सुधारतं तितकं भुकेच्या कुठल्याही औषधाने सुधारत नाही.

प्रथिनं तिन्ही वेळच्या जेवणात वाटली गेली पाहिजेत. दुपारी सगळं आणि सकाळ-संध्याकाळ कोरडी, असं नको. म्हातारपणी स्नायू थोड्याशा प्रथिनांची दखलच घेत नाहीत, एका जेवणात वीसेक ग्रॅम पोचली तर ते ती वापरतात. आणि वापरायला कामही हवं. तेच खुर्चीवरून उठणं-बसणं रोज दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ओट्याला धरून टाचा उचलणं, चहाला उकळी येईपर्यंत. एवढ्याने सुरुवात करा. एक इशारा: सासऱ्यांना चौदा वर्षं मधुमेह आहे, तेव्हा क्रिएटिनिन बघितल्याशिवाय त्यांची प्रथिनं वाढवू नका. मूत्रपिंड कमजोर निघालं तर किती द्यायची ते त्यांचे डॉक्टर आणि तिथले आहारतज्ज्ञ ठरवतील.

नाचणीचं विचारलंत. जरूर द्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, दुसऱ्या कुठल्याही धान्यात इतकं नाही. एका भाकरीत पावणेदोनशे धरा. त्यातलं सगळं अंगी लागत नाही, कारण सालात कॅल्शियमला अडवणारं फायटेट असतं. नाचणी भिजवून मोड आणून सुकवून दळली, किंवा पीठ रात्रभर आंबवून आंबील केली, की ते कमी होतं. साताऱ्यात आंबील काही नवी नाही. मधुमेहासाठी मात्र आंबील गुळाची नको, ताकातली, जिरं-मीठ लावून. तीळ बिनपॉलिशचे घ्या, भाजून कुटून चटणीत. चमचाभर तिळात शंभराच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. अख्खे तीळ न चावता गिळले तर तसेच बाहेर पडतात. शेवग्याचा पाला परसात असेल तर आठवड्यातून दोनदा, मूगडाळ घालून. राजगिरा, दही, पनीर आहेच. पालक मात्र कॅल्शियमसाठी धरू नका. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला पकडून ठेवतं, शंभरातले पाचेक भागच शोषले जातात, दुधातले तीस. पालक खा, पण फॉलेटसाठी. डिंकाच्या लाडवांत खसखस, खारीक, अळीव घालत असाल तर सासूबाईंना थंडीत रोज एक लाडू द्या. डिंक हाडं जोडतो म्हणून नाही, त्यातल्या खसखशीमुळे, तुपा-खोबऱ्याच्या उष्मांकांमुळे आणि त्या आवडीने खातात म्हणून. घटणारं वजन थांबवणं हाही हाडांचाच इलाज आहे. (मासे खाणाऱ्या वाचकांसाठी: काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली, सुकट, जवळा हे कॅल्शियमचे फार चांगले साठे आहेत. पायाच्या सुपात मात्र लोक समजतात तितकं कॅल्शियम उतरत नाही.)

ड जीवनसत्त्वाबद्दल दोन गैरसमज रोज भेटतात. पहिला कोवळ्या उन्हाचा. सकाळी सातचं ऊन छान वाटतं, पण त्यात ड तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन लागतं, म्हणजे साधारण साडेदहा ते दोन. काचेआडचं ऊन चालत नाही. हात-पोटऱ्या उघड्या ठेवून वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. एप्रिल-मेमध्ये वेळ कमी करा, डोकं झाकून बसा. पण सत्तरीच्या कातडीत ड बनवायची ताकद तरुणपणाच्या पाव भागावर येते, त्यामुळे बहुतेक ज्येष्ठांना वरून घ्यावंच लागतं. दुसरा गैरसमज, जितकं जास्त तितकं बरं. ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर सांगतील तितके आठवडे घ्यायची आणि थांबायचं. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, सतत मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी, बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटलं स्मृतिभ्रंश सुरू झाला. पिशवीतल्या चिठ्ठ्या एकापुढे एक मांडल्या तेव्हा कळलं, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या न बघता ड दिलं होतं, एकाने मोठी इंजेक्शनं, दुसऱ्याने पुड्या, तिसऱ्याने कॅल्शियमच्या गोळीतून. रक्तातलं कॅल्शियम चढलं होतं. ते उतरल्यावर आजी पुन्हा नातीशी पत्ते खेळायला लागल्या. वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस देऊन बघितलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत (ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली) वयस्क स्त्रियांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं होतं. म्हणून रोज थोडं किंवा ठरलेल्या अंतराने, आणि एकाच डॉक्टरांच्या देखरेखीत.

गोळ्यांच्या वेळा हा विषय आहारात मोडत नाही असं वाटेल, पण अर्धा फायदा तिथेच वाया जातो. सासूबाईंची थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी शोषली जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून जास्त नको. खाण्यातून सातशे-आठशे मिलिग्रॅम जायला लागलं की एकच गोळी पुरते. टी-स्कोअर उणे २.९ आणि वर मोडलेलं मनगट, म्हणजे नुसत्या नाचणीवर भागणार नाही, हाडांचं औषध लागेलच. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाची गोळी दिली असेल तर ती सकाळी उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं न होता. एका घरात आईला ती गोळी गरम पडू नये म्हणून वर्षभर दुधाबरोबर देत होते. दुधातल्या कॅल्शियमने ती जवळजवळ सगळी वाया गेली असणार.

आता बदाम, ब्राह्मी, अक्रोड. ताई, मेंदूसाठी असा एक पदार्थ नाही, असता तर मी तो पहिल्या ओळीत लिहिला असता. शिकागोच्या रश विद्यापीठातून आलेला माइंड आहार खूप गाजला, पालेभाज्या, कडधान्यं, सुकामेवा, मासे असा. २०२३ मध्ये त्याची तीन वर्षांची नीट चाचणी आली तेव्हा तुलनेच्या गटापेक्षा स्मरणशक्तीत ठळक फरक दिसला नाही. दोन्ही गट थोडे सुधारले होते. त्याउलट फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० माणसांवर दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळं एकत्र केलं. २०१५ साली त्याचे निकाल आले आणि तिथे फरक दिसला. मी याचा अर्थ असा घेते की मेंदूला रक्त नीट पोचलं पाहिजे, आणि रक्तवाहिन्यांसाठी जे चांगलं ते मेंदूसाठी चांगलं. पालेभाजी रोज, जवसाची चटणी रोज चमचाभर (जवस भाजून कुटलेलंच), मूठभर शेंगदाणे किंवा थोडे अक्रोड, फळ एक. पापड-लोणचं-फरसाण आठवड्याच्या मोजमापात आणा, कारण मिठाने रक्तदाब चढतो. ब्राह्मीचं तेल डोक्याला लावतात ते लावू दे. पोटात घ्यायची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सासऱ्यांच्या मेंदूला साखर वाढण्याइतकाच धोका ती एकदम उतरण्याचा आहे. म्हणून एकादशीचं बोलायलाच हवं. मी कुठल्याही वारकऱ्याला उपास सोडा असं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण निर्जळी नको, आणि साबुदाण्यावर दिवस काढणं नको; साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, साखर झटकन चढवतो. राजगिऱ्याची भाकरी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दही, पनीर, दूध, ताक, हे सगळं उपासाला चालतं आणि त्या दिवशी प्रथिनंही कमी पडत नाहीत. मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडसारखी साखर एकदम उतरवू शकणारी दुसरी गोळी असेल तर उपासाच्या दिवशी तिचं काय करायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. उपासाच्या दुपारी ते घामाघूम होऊन भांबावले तर आधी साखर तपासा, मग "विसरायला लागले" म्हणा.

पाण्याचंही तसंच. वयाबरोबर तहान लागायचीच कमी होते, आणि रात्री उठावं लागेल म्हणून ते मुद्दाम कमी पितात. पाणी कमी पडलं, लघवीचा संसर्ग झाला, की म्हाताऱ्या माणसाचं डोकं एका दिवसात गोंधळतं. संध्याकाळी सहाच्या आत पाणी, ताक, सार, कढी यांचे सहा-सात पेले संपतील असं बघा. आणि कान. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचे आपल्याला टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितलेत, त्यांत मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्या पंक्तीत कमी ऐकू येणंही आहे. सासरे तोच प्रश्न पुन्हा विचारतात तेव्हा त्यांना उत्तर ऐकू आलं होतं का, हे एकदा बघा. ऐकू न येणारा माणूस जेवणाच्या पंगतीतूनही हळूहळू बाजूला होतो, आणि एकटा बसून जेवणारा कमी जेवतो. शक्य असेल तर रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र घ्या.

मला आता तीन दिवसांची नोंद लिहून पाठवा. दोघांची वेगळी. वाटी, पोळी, चहाचे कप, बिस्किटं, शेजाऱ्यांकडे खाल्लेलं, सगळं. तीन दिवसांत एक एकादशी आली तर फारच चांगलं. सोबत बी-१२, ड, थायरॉइड आणि क्रिएटिनिनचे आकडे, दोघांचं वजन, खुर्चीचे सेकंद, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो, बंद केलेल्यांचेही. तोवर आज रात्रीपासून मऊ खिचडी, दही आणि मेतकूट सुरू करा. सासूबाईंना ताट वाढताना आधी दही-खिचडी वाढा, पोळी नंतर. भूक पहिल्या चार घासांचीच असते.